खाजगी आयपी पत्ते, क्लाउड जालकांतील

क्लाउड सेवा पुरविणाऱ्या संगणक केंद्रांत चालणाऱ्या आभासी सर्व्हरांना परस्परांशी संदेशवहन करता यावे म्हणून जे अंकात्मक पत्ते देण्यात येतात आणि जे त्या त्या जालकापुरतेच अर्थपूर्ण असतात, त्यांना खाजगी आयपी पत्ते असे म्हणतात. आयपी म्हणजे ‘इंटरनेट प्रोटोकॉल’ हा संदेशांची ने-आण ठरविणारा नियमसंच होय. सार्वजनिक आयपी पत्ता सर्व जगात एकमेव असावा लागतो. खाजगी पत्त्यावर हे बंधन नाही. १०.०.१.५ हा एकच पत्ता पुण्यातील एखाद्या बँकेच्या जालकात, जर्मनीतील एखाद्या कारखान्यात आणि मुंबईतील क्लाउड केंद्रात एकाच वेळी वापरात असू शकतो, व त्यामुळे कोणाचीही अडचण होत नाही. गावातल्या गावात ‘मारुतीच्या देवळामागचे घर’ एवढे सांगितले की पुरते. मात्र परगावाहून पाठवावयाच्या पाकिटावर तेवढेच लिहून चालत नाही, कारण मारुतीचे देऊळ गावोगावी असते. खाजगी पत्त्याचे सामर्थ्य व त्याची मर्यादा ही दोन्ही या दृष्टांतात येतात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : आज सर्वाधिक परिचित असलेली आयपीची चौथी आवृत्ती सप्टेंबर १९८१ मध्ये आरएफसी ७९१ या क्रमांकाच्या दस्तऐवजाद्वारे निश्चित करण्यात आली (आरएफसी ही आंतरजालाच्या तांत्रिक नियमांची क्रमवार प्रसिद्ध होणारी दस्तऐवजमाला होय). तीत पत्ता ३२ द्विमान अंकांचा असतो व सोयीसाठी तो ० ते २५५ या मर्यादेतील चार संख्यांनी लिहितात. अशा पत्त्यांची एकूण संख्या ४,२९,४९,६७,२९६ इतकी भरते. ज्या काळी जालकाला जोडलेले संगणक शेकड्यांत मोजले जात, त्या काळी ही संख्या अमाप वाटली यात नवल नाही. शिवाय हे पत्ते अ, ब व क अशा तीन ठरीव मापांच्या गटांत वाटले जात. क गटात २५६ व ब गटात ६५,५३६ पत्ते असल्याने हजारभर संगणक असलेल्या संस्थेला क गट अपुरा पडे आणि ब गट दिला, तर त्यातील बहुतेक पत्ते पडून राहत. १९९३ मध्ये ठरीव गट मोडून कोणत्याही लांबीचा पट्टा देण्याची पद्धत स्वीकारण्यात आली. या पद्धतीत पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन किती द्विमान अंक स्थिर आहेत ते लिहितात. उदा., १०.२०.०.०/१६ याचा अर्थ पहिले १६ अंक स्थिर असून उरलेल्या १६ अंकांमुळे ६५,५३६ पत्ते उपलब्ध होतात. रेघेपुढील संख्या जितकी लहान, तितका पट्टा मोठा.

पट्टे काटकसरीने वाटूनही टंचाई टळणार नव्हती. ज्या यंत्रांना बाहेरच्या जगाशी थेट संबंध ठेवावयाचाच नाही, त्यांनी जगात एकमेव असा पत्ता का अडवून ठेवावा, या विचारातून मार्च १९९४ मध्ये आरएफसी १५९७ हा प्रस्ताव पुढे आला व तीन पट्टे खाजगी वापरासाठी राखून ठेवण्यात आले. त्याला तीव्र विरोध झाला. जुलै १९९४ मधील आरएफसी १६२७ या दस्तऐवजात असे बजावण्यात आले की, प्रत्येक पत्ता जगात एकमेव असतो हे तत्त्व एकदा सोडले, की आज अलग असलेली जालके उद्या जोडावयाच्या वेळी मोठी किंमत द्यावी लागेल. या विरोधकांपैकी एक, एलियट लिअर हे पुढे फेब्रुवारी १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी १९१८ या अंतिम दस्तऐवजाच्या पाच लेखकांत आहेत, हे लक्षात घेण्याजोगे आहे. आक्षेप खोटा ठरला नव्हता. केवळ टंचाईपुढे त्याचे काही चालले नाही.

आरएफसी १९१८ नुसार राखीव असलेले पट्टे असे : १०.०.०.०/८ (१,६७,७७,२१६ पत्ते), १७२.१६.०.०/१२ (१०,४८,५७६ पत्ते) व १९२.१६८.०.०/१६ (६५,५३६ पत्ते). यांपैकी पहिला पट्टा पूर्वी आंतरजालाचे मूळ रूप असलेल्या अर्पानेट या जालकाचा होता व ते १९९० मध्ये बंद झाल्याने मोकळा झाला होता. सार्वजनिक आंतरजालावरील राउटर (संदेशांना वाट दाखविणारी यंत्रे) या पट्ट्यांतील पत्त्यांकडे जाणारे संदेश पुढे नेत नाहीत. खाजगी पत्ता असलेल्या यंत्राला बाहेर संपर्क साधावयाचा झाल्यास वाटेत पत्ता बदलून द्यावा लागतो. ‘नॅट’ या संक्षिप्त नावाने ओळखले जाणारे हे पत्तांतराचे तंत्र १९९४ मध्येच वर्णिले गेले होते. पत्त्यांच्या जागतिक साठ्यातील शेवटचे पाच मोठे पट्टे ३ फेब्रुवारी २०११ रोजी प्रादेशिक संस्थांना वाटून संपले आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये आशिया-पॅसिफिक विभागाचा सर्वसाधारण साठाही सरला. भारताची आयआरआयएनएन ही स्वतंत्र नोंदणी संस्था २०१२ मध्ये सुरू झाली, तेव्हा वाटण्याजोगे जुन्या पद्धतीचे पत्ते फारसे उरले नव्हते.

क्लाउडमधील स्थिती : एका भौतिक यंत्राची स्मृती, प्रक्रियक इ. साधने आज्ञावलीच्या साहाय्याने विभागून त्यावर अनेक स्वतंत्र संगणक चालत असल्याचा भास निर्माण करता येतो. अशा प्रत्येक संगणकास आभासी सर्व्हर म्हणतात. ॲमेझॉन या अमेरिकन कंपनीने असे सर्व्हर तासाच्या भाड्याने देण्यास ऑगस्ट २००६ मध्ये प्रारंभ केला. आरंभीच्या व्यवस्थेत सर्व ग्राहकांचे सर्व्हर १०.०.०.०/८ या एकाच सामाईक पट्ट्यात असत. कोणता पत्ता मिळेल हे ग्राहकाच्या हाती नसे, आणि सर्व्हर थांबवून पुन्हा सुरू केला की त्याचा खाजगी पत्ताही बदले. एखाद्या कंपनीला आपले जुने कार्यालयीन जालक या सर्व्हरांना जोडावयाचे, तर दोन्हीकडे १० ने सुरू होणारे तेच पत्ते निघत. २००९ मध्ये याच कंपनीने ग्राहकागणिक स्वतंत्र ‘आभासी खाजगी क्लाउड’ देण्यास सुरुवात केली. ग्राहकाने आपला पट्टा स्वतः निवडावा, त्याचे उपजालकांत विभाजन करावे व हवा तो पत्ता हव्या त्या सर्व्हरला द्यावा, अशी ही योजना होती. २०१३ नंतरच्या नव्या ग्राहकांना तीच देण्यात येऊ लागली व जुनी सामाईक व्यवस्था पुढे बंद करण्यात आली. मायक्रोसॉफ्ट व गूगल या कंपन्यांच्या सेवांत, तसेच २०१० मध्ये सुरू झालेल्या ओपनस्टॅक या मुक्त प्रणालीतही तत्त्वतः हीच रचना आढळते.

दोन ग्राहकांनी एकच पट्टा निवडला आणि त्यांचे सर्व्हर योगायोगाने एकाच भौतिक यंत्रावर शेजारी शेजारी आले, तर संदेश चुकीच्या दारी जात नाही, याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. ग्राहकाला दिसणारे जालक हे प्रत्यक्ष तारांचे जालक नसून त्यावर पसरलेला एक थर असतो. सर्व्हरने संदेश पाठविला की, भौतिक यंत्रावरील नियामक आज्ञावली तो अडवते, ‘अमुक ग्राहकाचा अमुक खाजगी पत्ता सध्या कोणत्या भौतिक यंत्रावर आहे’ हे एका नोंदसारणीत पाहते, मूळ संदेश दुसऱ्या वेष्टनात घालते आणि वेष्टनावर त्या भौतिक यंत्राचा पत्ता व ग्राहकाच्या जालकाचा ओळखक्रमांक लिहून तो रवाना करते. पलीकडे वेष्टन काढून मूळ संदेश योग्य सर्व्हरच्या स्वाधीन केला जातो. म्हणजे प्रत्यक्षात ओळख पटते ती खाजगी पत्ता व जालकाचा क्रमांक या जोडीने, केवळ पत्त्याने नव्हे. जालके वेगळी ठेवण्याच्या जुन्या व्हीलॅन पद्धतीत या क्रमांकास १२ द्विमान अंक असल्याने ४,०९६ पेक्षा अधिक जालके करता येत नसत, आणि हजारो ग्राहक असलेल्या केंद्रास ती तोकडी पडे. २०१४ मध्ये आरएफसी ७३४८ द्वारे प्रसिद्ध झालेल्या व्हीएक्सलॅन पद्धतीत २४ अंक असल्याने ही मर्यादा १ कोटी ६७ लाखांच्या वर गेली. मोठ्या कंपन्या स्वतःच्या अशाच पद्धती वापरतात. वेष्टनाचे ओझे अर्थात पडतेच. व्हीएक्सलॅनमध्ये ते प्रत्येक संदेशामागे सु. ५० बाइट इतके असते.

पत्ता देण्याची क्रिया : कार्यालयातील साध्या जालकात संगणक सुरू झाल्यावर ‘मला पत्ता हवा’ अशी हाक सर्वांना ऐकू जाईल अशी देतो, डीएचसीपी सेवा चालविणारे यंत्र एक पत्ता देऊ करते, संगणक तो मागतो आणि यंत्र त्यास दुजोरा देते. या चार पायऱ्यांत पत्ता ठरतो. क्लाउडमध्येही सर्व्हर याच चार पायऱ्या पार करताना दिसतो, परंतु तेथे निर्णय अगोदरच झालेला असतो. ग्राहकाने सर्व्हर मागविला त्याच क्षणी क्लाउडची व्यवस्थापन प्रणाली उपजालकातील मोकळा पत्ता (किंवा ग्राहकाने नेमून सांगितलेला पत्ता) त्याच्या नावे नोंदवते व डीएचसीपी केवळ तो निरोप पोहोचविते. सर्व्हरच्या आतील प्रणालीत शिरून पत्ता हाताने बदलला, तर नोंदसारणी व सर्व्हर यांत तफावत पडते आणि नियामक आज्ञावली असे संदेश टाकून देते. सर्व्हर चालू दिसतो, पण त्याच्याशी बोलता येत नाही. कार्यालयीन जालकांवर वाढलेल्या व्यवस्थापकांची ही नेहमीची चूक आहे.

पत्ता खरे पाहता सर्व्हरचा नसून त्यास जोडलेल्या आभासी जालक-जोडणीचा (इंटरफेसचा) असतो. ही जोडणी एका सर्व्हरपासून काढून दुसऱ्यास लावता येते व तिच्याबरोबर पत्ताही जातो. एका जोडणीस एकापेक्षा अधिक खाजगी पत्ते देता येत असल्याने, मुख्य सर्व्हर बंद पडताच दुय्यम पत्ता राखीव सर्व्हरकडे वळवून सेवा चालू ठेवता येते. ॲमेझॉनच्या आजच्या व्यवस्थेत सर्व्हर थांबविला तरी त्याचा खाजगी पत्ता कायम राहतो. तो सर्व्हर कायमचा नष्ट केल्यावरच मोकळा होतो. सार्वजनिक पत्त्याचे तसे नाही. आपोआप मिळालेला सार्वजनिक पत्ता थांबविताच जातो, आणि सर्व्हरला स्वतःला तर तो ठाऊकही नसतो. क्लाउडच्या सीमेवर पत्तांतर होऊन आत पोहोचतो तो संदेश खाजगी पत्त्यावरच. १ फेब्रुवारी २०२४ पासून ॲमेझॉनने प्रत्येक सार्वजनिक पत्त्यासाठी ताशी ०.००५ डॉलर आकारण्यास सुरुवात केल्यानंतर, गरज नसलेल्या सर्व्हरांना केवळ खाजगी पत्ता ठेवण्याकडे व्यवस्थापकांचा कल अधिकच वाढला. यापूर्वी हेच सुरक्षिततेच्या दृष्टीने सांगून फारसे कोणी ऐकत नसे.

उपजालकातील सर्व पत्ते ग्राहकास मिळत नाहीत. ॲमेझॉन प्रत्येक उपजालकात पाच पत्ते राखून ठेवते : पहिला उपजालकाचे नाव म्हणून, दुसरा राउटरसाठी, तिसरा नामसेवेसाठी, चौथा भावी उपयोगासाठी आणि शेवटचा सर्वांना उद्देशून पाठवावयाच्या संदेशासाठी. गंमत अशी की, अशा सर्वोद्देशी संदेशांची सोय या जालकात नाहीच. तरीही प्रघात म्हणून तो पत्ता सोडून दिला जातो. म्हणून /२४ च्या उपजालकात २५६ ऐवजी २५१ आणि तेथील सर्वांत लहान अशा /२८ मध्ये १६ ऐवजी ११ च पत्ते हाती येतात. मायक्रोसॉफ्टच्या सेवेतही पाचच पत्ते राखीव असल्याने १०.०.०.०/२४ मधील पहिल्या सर्व्हरला बहुधा १०.०.०.४ हा पत्ता मिळतो. गूगल चार पत्ते राखते.

मुंबई परिसरात ॲमेझॉनचे केंद्रसमूह २०१६ पासून व गूगलचे २०१७ पासून असून मायक्रोसॉफ्टने पुणे, मुंबई व चेन्नई येथे २०१५ मध्ये सेवा सुरू केली. अशा प्रत्येक प्रदेशात एकमेकांपासून अंतरावर असलेले, स्वतंत्र वीजपुरवठ्याचे विभाग असू शकतात. ॲमेझॉनच्या रचनेत एक उपजालक एकाच विभागात सामावते, मायक्रोसॉफ्टच्या रचनेत ते प्रदेशभर पसरू शकते, तर गूगलच्या रचनेत उपजालक प्रदेशाचे असून मूळ जालक जगभर एकच असू शकते. पत्त्यांची आखणी एका सेवेतून दुसरीत जशीच्या तशी नेता येत नाही ती यामुळे. येथे एक गैरसमजही दूर करावयास हवा. खाजगी पत्त्यावरून स्थळाचा बोध होत नाही. १०.४.०.९ हा सर्व्हर मुंबईत आहे की फ्रँकफुर्टमध्ये, हे पत्ता सांगत नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये आर्थिक देयकांची माहिती भारतातच साठविण्याचा आदेश दिल्यापासून हा केवळ तांत्रिक प्रश्न राहिलेला नाही.

पट्ट्यांची टक्कर : खाजगी पत्त्यांची निवड फुकट व विनापरवाना असल्याने ती निष्काळजीपणे केली जाते, आणि तिचा जाच वर्षांनी जाणवतो. ॲमेझॉन प्रत्येक नव्या ग्राहकास १७२.३१.०.०/१६ या पट्ट्याचे तयार जालक देते. समजा, दोन कंपन्यांनी तेच वापरून आपापली शेकडो सेवायंत्रे उभारली आणि पुढे त्यांचे विलीनीकरण झाले. आता दोन्ही जालके जोडावयाची, तर १७२.३१.५.१० म्हणजे पहिलीचा देयक-सर्व्हर की दुसरीचा वेतनपत्रक-सर्व्हर, हे राउटरला कळावे कसे? पट्टे एकमेकांवर येत असल्यास क्लाउड सेवा अशी थेट जोडणी मुळातच नाकारतात. एका बाजूचे पत्ते बदलावयाचे म्हटले, तर उपजालक जागच्या जागी बदलता येत नाही. ते नव्याने करून सर्व्हर एकेक हलवावे लागतात. शिवाय आज्ञावल्यांत, सुरक्षा-नियमांत व परवान्यांत कोठे कोठे जुना पत्ता लिहून ठेवला आहे, त्याची यादी बहुधा कोणाकडेच नसते. मधला मार्ग म्हणून दोन जालकांच्या सीमेवर पत्तांतर करतात. पण मग नोंदवहीत दिसणारा पत्ता व प्रत्यक्ष सर्व्हर यांचा मेळ घालणे हे कायमचे काम होऊन बसते. १९९४ मध्ये वर्तविलेली किंमत ती हीच.

आरएफसी १९१८ मध्येच यावरील उपाय सुचविला आहे : राखीव पट्ट्यांतून आपला भाग यदृच्छेने निवडावा, म्हणजे दुसऱ्याच्या निवडीशी तो जुळण्याची शक्यता कमी होते. तो फारसा पाळला जात नाही. माणसे १०.०.०.० व १९२.१६८.१.० यांकडेच वळतात, कारण ते लक्षात राहतात. २०२० च्या टाळेबंदीत घरून काम करणाऱ्यांना याचा प्रत्यय आला. घरातील राउटर व कार्यालय या दोहोंनी १९२.१६८.१.० हाच पट्टा धरला असल्यास, सुरक्षित मार्गिकेने जोडले जाऊनही कार्यालयातील यंत्र सापडत नसे, कारण संगणक ते घरातच शोधत राही. डॉकर ही आज्ञावली आपल्या अंतर्गत जालकासाठी १७२.१७.०.०/१६ हा पट्टा न विचारता घेते व त्याच पट्ट्यातील खऱ्या सर्व्हरांकडे जाणारी वाट बंद करते. असा दोष शोधण्यात दिवस गेल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

टक्करीच्या उलट बाजूस तुटवडा आहे. सर्व्हरचे आणखी बारीक विभाजन करून चालविल्या जाणाऱ्या कुबरनेटीज प्रणालीत प्रत्येक कार्यघटकास स्वतंत्र पत्ता लागतो. काही रचनांत हे पत्ते सर्व्हरांच्याच उपजालकातून काढले जात असल्याने, वीस सर्व्हरांसाठी पुरेसे वाटलेले /२४ काही आठवड्यांत संपते आणि नवे घटक पत्त्यावाचून ताटकळत राहतात. अशा वेळी जालकास दुय्यम पट्टा जोडतात. त्यासाठी मूळच्या दूरसंचार कंपन्यांच्या पत्तांतरासाठी २०१२ मध्ये राखलेल्या १००.६४.०.०/१० या पट्ट्याचा (४१,९४,३०४ पत्ते) उपयोग केला जातो.

सुरक्षितता : खाजगी पत्ता बाहेरून थेट गाठता येत नाही, एवढ्यावरून सर्व्हर सुरक्षित आहे असे मानणे धोक्याचे आहे. मोकळा झालेला पत्ता कालांतराने दुसऱ्या सर्व्हरला मिळतो. जुन्या सर्व्हरसाठी त्या पत्त्याच्या नावे दिलेली परवानगी काढून टाकली नसल्यास ती नव्याला आयती लाभते. म्हणून नियम पत्त्यांऐवजी सर्व्हरांच्या गटाच्या नावे लिहिणे इष्ट समजतात. दुसरा धोका १६९.२५४.१६९.२५४ या विशेष पत्त्याचा आहे. अनेक क्लाउड सेवांत या पत्त्यावर विचारणा करणाऱ्या सर्व्हरला त्याची स्वतःची माहिती व तात्पुरते अधिकारपत्र मिळते. २०१९ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या बँकेच्या सदोष रीत्या मांडलेल्या संरक्षक सर्व्हरला बाहेरील व्यक्तीने या पत्त्यावर विचारणा करावयास लावले व मिळालेल्या अधिकारपत्राच्या आधारे सु. १० कोटी ६० लाख लोकांची माहिती हस्तगत केली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ॲमेझॉनने या विचारणेपूर्वी सांकेतिक खूण मिळविण्याची पायरी असलेली नवी पद्धत उपलब्ध करून दिली. जुनी पद्धत मात्र त्या वेळी ग्राहकाने स्वतः बंद करावी लागे.

सहावी आवृत्ती : आयपीच्या १२८ द्विमान अंकांच्या सहाव्या आवृत्तीत पत्त्यांची टंचाई उरत नाही. तीतही २००५ मध्ये स्थानिक वापरासाठी एक पट्टा राखण्यात आला, परंतु त्यातील ४० अंक यदृच्छेनेच निवडावेत असा दंडक घालून १९१८ च्या दस्तऐवजातील दुर्लक्षित सल्ल्याला नियमाचे रूप देण्यात आले. भारतातील मोबाइल जालकांत, विशेषतः २०१६ नंतर, सहाव्या आवृत्तीचा प्रसार झपाट्याने झाला असून या बाबतीत भारत जगातील आघाडीच्या देशांत गणला जातो. क्लाउड केंद्रांच्या आत मात्र ही गती मंद आहे. केवळ सहाव्या आवृत्तीचे पत्ते असलेली उपजालके ॲमेझॉनने २०२१ मध्ये उपलब्ध केली. तथापि जुन्या आज्ञावल्या व बाहेरच्या अनेक सेवा चौथ्या आवृत्तीवरच विसंबून असल्याने बहुतेक संस्था आपल्या सर्व्हरांना दोन्ही प्रकारचे पत्ते देतात.